घरून काही निरोप?

जयंती घाडी आमच्या ऑफिसात लागली ती त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर. तिचा नवरा राजाराम वीज कंपनीत लाइनमन होता. कामावर असताना गेला, म्हणून कंपनीने तिला नोकरी दिली. दहावी झालेली होती, अक्षर वळणदार होतं, आवाज स्वच्छ होता. साहेबांनी तिला कांदिवलीच्या तक्रार केंद्रात टेलिफोनवर बसवलं. मी त्याच केंद्राच्या मागच्या खोलीत टायपिस्ट होते. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तिनेच मला त्या डब्यावर सांगितलेलं आहे, थोडं तेव्हा आणि पुष्कळसं नंतर.

तिचं काम सोपं दिसायचं. फोन उचलायचा, वहीत वेळ, नाव, पत्ता, तक्रार लिहायची. शेजारच्या टेबलावर वायरलेसचा सेट होता. तिथला माणूस तक्रार वाचून रस्त्यावरच्या गाड्यांना कळवायचा. गाड्या चार. चार नंबरच्या गाडीवर हेड लाइनमन होता दशरथ राऊळ.

दशरथ आणि राजाराम कणकवलीकडच्या एकाच वाडीतले. एकाच महिन्यात कंपनीला लागले आणि दहिसरला नदीकाठच्या बैठ्या चाळीत दोन खोल्या सोडून राहिले. दोघांची लग्नंही एकाच मे महिन्यात झाली. दशरथची बायको कमल. पुढे कमलला दोन मुली झाल्या. जयंतीला मूल झालं नाही.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये वादळ झालं. गोराईकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाइनवर फांदी पडली होती. लाइन बंद केलेली होती, पण जवळच्या एका लग्नाच्या हॉलवाल्याने जनरेटर चुकीचा जोडला आणि त्याचा करंट उलटा लाइनवर आला. खांबावर राजाराम होता. पाळी खरी दशरथची होती. त्या सकाळी साचलेल्या पाण्यात त्याच्या टाचेत काच घुसली होती, म्हणून राजाराम म्हणाला, तू बस, मी चढतो.

राजाराम गेल्यावर जयंती दहिसरची खोली सोडून मालाडला दिराकडे आली. दीर गिरणीत होता, संपानंतर घरी बसलेला. सासू, दीर, जाऊ आणि त्यांची तीन मुलं, असं ते घर जयंतीच्या पगारावर चालायचं. म्हणून तिला कोणी टाकून बोलत नसे, आणि फारसं कोणी बोलतही नसे.

जयंतीला कमलचा मत्सर वाटायचा. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवरा गेलेल्या बाईला नवरा असलेल्या बाईबद्दल तसं वाटणारच, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तसं नाही. कमलची नवी साडी बघून तिला काही होत नसे. कमल नवऱ्याबरोबर जत्रेला गेली, मुलींना घेऊन चौपाटीवर गेली, त्याचंही काही वाटत नसे. जळायला व्हायचं ते कमलच्या कुरकुरीने.

कमल दोन-चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून केंद्रात फोन करायची. येताना रॉकेल आणायला सांग, आज उशीर होईल का विचार, असलं काहीतरी. जयंती ओळखीची, म्हणून मग दोन शब्द जास्त बोलायची. पावसाळ्यात घरभर ओल्या खाकीचा वास येतो गं, चार दिवस पँट वाळत नाही. पायांना चिखल्या झाल्यात, तेल लावून देते तर पाय ओढून घेतात. झोपेत ओरडतात, स्विच पाड, स्विच पाड. नको झालंय मला.

"नको झालंय म्हणते," जयंती मला सांगायची, "आणि मी रिसीव्हर कानाला धरून ते सगळं ऐकत असते. फोन ठेवला की मला माझ्या हाताला तेलाचा वास यायला लागतो."

दशरथचाही तिला राग यायचा. शिफ्ट संपली की तो किल्ल्या द्यायला आत यायचा आणि न चुकता विचारायचा, "वहिनी, बरं आहे ना?" ती मान हलवायची आणि त्याच्या पायाकडे बघायची. चप्पल घातलेली असली की डाव्या टाचेवर पांढरी रेघ दिसायची. दोन टाके पडले होते म्हणे. तिला वाटायचं, दोन टाक्यांत सुटला हा. मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटायची आणि संध्याकाळी परत तेच.

पंच्याऐंशीच्या जुलैत मोठा पाऊस झाला. पाऊस आम्हाला नवा नव्हता, पण त्या खेपेला वारा होता आणि भरती होती. सोमवारी दुपारपासून झाडं पडायला लागली. मंगळवारी सकाळी बोरिवलीपासून दहिसरपर्यंत निम्मे खांब वाकडे झालेले, दोन सबस्टेशनांत कमरेइतकं पाणी, दहिसरची नदी काठ सोडून चाळींत शिरलेली. चारही गाड्या सोमवारी सकाळी बाहेर पडल्या होत्या त्या परतच आल्या नव्हत्या. गँगचे लोक गाडीतच आळीपाळीने डोळे मिटत होते आणि लोकांनी दिलेलं खात होते.

जयंती मंगळवारी मालाडहून गुडघाभर पाण्यातून चालत साडेसातला केंद्रात पोचली. वायरलेसवाला विरारला राहायचा, तो येणं शक्य नव्हतं. साहेबांनी तिला सांगितलं, फोन आणि सेट दोन्ही तूच बघ. मी तिला मदत म्हणून वही लिहायला बसले. पण थोड्या वेळाने साहेबांना वरच्या ऑफिसला पाठवायचे रिपोर्ट टाइप करायचे होते, म्हणून मला मागे बोलावलं. पुढचे दोन-अडीच तास ती त्या टेबलाशी एकटी होती.

अकराच्या सुमाराला फोन आला. लाइनमध्ये खरखर होती, तरी जयंतीने पहिल्या शब्दाला आवाज ओळखला. कमलनेही ओळखला.

"जयंती, तू मां गो?"

जयंती हो, मीच म्हणाली. कमल हायवेजवळच्या एका डॉक्टरच्या दवाखान्यातून बोलत होती आणि मागे लोक फोनसाठी घाई करत होते. तिने भराभर सांगितलं. चाळीत छातीएवढं पाणी आलं, शेजाऱ्यांची भिंत पडली, ती दोन्ही मुलींना घेऊन वेळेवर बाहेर पडली. आता म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुसऱ्या माळ्यावर आहे, तिघी सुखरूप आहेत. एवढं त्यांना कळव, म्हणाली. घरी शोधत जाऊ नका म्हणावं, आणि काळजी करू नका, काम करा. जयंतीने बरं म्हटलं. फोन कट झाला आणि लगेच दुसरा वाजला. तो झाल्यावर तिसरा. कमलचा निरोप वहीत लिहायचा राहिला. इथपर्यंत तिची काही चूक नव्हती.

साडेअकराला सेटवर चार नंबरची गाडी आली. दशरथ स्वतः बोलत होता. चारकोपला होते ते. तिथे तेव्हा नव्या सेक्टरांत घरं होत होती, लोक नुकतेच राहायला आले होते, आणि त्या सगळ्या भागाची लाइन ओळीने पाच खांबांवर तुटली होती. कुठला खांब झाला, कुठला राहिला, ते त्याने सांगितलं, दोन वाजेपर्यंत लाइन चालू करता येईल म्हणाला. जयंतीने ते लिहून घेतलं. मग त्याने विचारलं.

"वहिनी, दहिसरला नदी शिरली असं ऐकतोय. घरून काही निरोप?"

तिने मला हे अनेकदा सांगितलं. म्हणायची, त्याचा आवाज वेगळा होता. रोज खांबाचे नंबर सांगणारा माणूस, तो त्या एका वाक्यात लहान झाला होता. आणि तिच्या मनात आलं, हे विचारणारं कोणीतरी आहे कमलला. मालाडला दिराच्या घरात उद्या पाणी शिरलं, मी वाहून गेले, तर सेटवर कोण विचारणार आहे? कमल तिकडे शाळेत बसून आहे, तिला खात्री आहे की निरोप पोचला, माणूस निर्धास्त झाला. होऊ दे की अर्धा तास तिच्या माणसाला काळजी. मला तर नुसती काळजी करायलासुद्धा माणूस उरला नाही.

"नाही," ती म्हणाली. "निरोप नाही."

दशरथ बरं म्हणाला आणि सेट बंद झाला.

तिने ठरवलं होतं की पाच मिनिटांनी परत बोलवून सांगायचं, विसरले होते म्हणून. पाच मिनिटांत चार फोन झाले. मग तिला वाटलं, आता सांगितलं तर आधी नाही का म्हणाली असं विचारेल. मग वाटलं, दोनला काम संपल्यावर सांगू. आणि मग बाराच्या पुढे कधीतरी तिला एकदम आठवलं की ज्या माणसाचं डोकं घरी आहे तो माणूस आत्ता खांबावर असेल. काळजीत असलेला लाइनमन काय करतो ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. बेल्ट अडकवायला विसरतो, अर्थिंग न लावता तारेला हात लावतो. तिने सेट उचलला आणि चार नंबरला हाका मारायला लागली. उत्तर येईना. तिचा आवाज ऐकून मी बाहेर आले. ती उभी राहून सेटमध्ये तेच तेच म्हणत होती.

अखेर अंबादास बोलला. अंबादास त्याच गँगमधला जुना लाइनमन, जालन्याकडचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, राऊळ गेला. घरी बघून येतो म्हणाला आणि पाण्यातून चालत निघून गेला.

जयंती खुर्चीवर बसली. मला वाटलं, दशरथ जिवंत आहे हे कळून ती सुटली. सुटलीच होती. पण त्या जाण्याचा अर्थ काय होता तो थोड्याच वेळात सगळ्यांना कळला.

लाइनवर काम करायचं तर आधी लाइन बंद केल्याचं परमिट घ्यावं लागतं. ते गँगच्या मुख्य माणसाच्या नावावर असतं. माझी सगळी माणसं खाली उतरली, असं लिहून तो जोपर्यंत स्वतः ते परत करत नाही तोपर्यंत लाइन कोणी चालू करायची नाही. नियम कडक आहे आणि तो असाच असायला हवा. दशरथ निघाला तेव्हा परमिट त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. अंबादास आणि बाकीच्यांनी दीडलाच काम संपवलं, पण लाइन चालू करता येईना. साहेबांनी दुसरा इंजिनिअर पाठवला. त्याने पाण्यातून एकेक खांब तपासला, माणसं मोजली, आणि वरच्या ऑफिसची परवानगी घेऊन सातला लाइन चालू केली. पाच तास चारकोप उगाच विजेविना राहिलं. तिथल्या सव्वाशे लोकांचा जमाव संध्याकाळी केंद्रावर आला. पुढच्या दोन खिडक्यांच्या काचा गेल्या.

दशरथ तिकडे दहिसरला पोचला तेव्हा खोलीत चिखल पोटरीभर होता आणि आत कोणी नव्हतं. शेजारची भिंत मुलींच्या गादीवर पडलेली. कोणी म्हणालं, राऊळबाई सकाळीच बाहेर पडल्या. कोणी म्हणालं, एक बाई पोरीसकट वाहून गेली, कोण ते माहीत नाही. तो नदीच्या कडेने खाली गेला, परत वर आला, पुलाखाली अडकलेलं गवत आणि पत्रे हाताने उपसून बघितले. साडेपाचला त्याला शाळेत तिघी सापडल्या. धाकटी बाकावर झोपलेली होती. कमल म्हणाली, निरोप दिला होता ना मी. तो म्हणाला, निरोप नाही असं सांगितलं मला. हे मला खूप नंतर कमलकडूनच कळलं.

दशरथला चार्जशीट मिळाली. काम सोडून गेला, परमिट घेऊन गेला, त्यामुळे पुरवठ्याला उशीर आणि मालमत्तेचं नुकसान. पुढच्या वर्षी त्याला सुपरवायझरची जागा मिळायची होती. ती तर गेलीच, नोकरीही जाईल असं लोक बोलायला लागले. ऑगस्टमध्ये चौकशी बसली. कागद टाइप करायला मी होते, त्यामुळे सगळी तपासणी माझ्यासमोर झाली.

चौकशीच्या साहेबांनी जयंतीला विचारलं, त्या दिवशी राऊळ यांच्या घरून निरोप आला होता का. ती म्हणाली, नाही. वही काढली. वहीत नोंद नव्हती. साहेबांनी मान डोलावली. तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, गरज पडली तर परत बोलावू म्हणून.

दशरथने आपल्या जबाबात एवढंच म्हटलं की वायरलेसवर विचारलं, निरोप नाही असं समजलं, राहवलं नाही. तिकडून कोण बोललं, असं साहेबांनी विचारलं. खरखर होती, आठवत नाही, असं तो म्हणाला. त्या दिवशी सेटवर कोण होतं ते ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं. दशरथच्या बाजूने आलेला युनियनचा माणूस कपाळावर हात मारून घ्यायचाच बाकी होता.

त्याच माणसाने मग कमलला साक्षीला आणलं. त्याला वाटलं, बाई सांगेल की मी अकराला फोन करून निरोप दिला, मग दोष ऑफिसचा ठरेल. कमल आत आली, पदर खांद्यावर घट्ट ओढून बसली. फोन केला होता का? केला होता. कुठून? दवाखान्यातून. पलीकडे कोण होतं?

खोलीचं दार उघडंच होतं. जयंती बाहेर बाकावर होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"बाई होती," कमल म्हणाली. "आवाज ओळखीचा नव्हता. राँग नंबरही लागला असेल. तेव्हा लाइनी कुठल्या कुठे लागत होत्या."

मी ते टाइप केलं. त्या एका वाक्याने तिने नवऱ्याची केस संपवली होती, हे तिला कळत होतं. बाहेर पडताना ती जयंतीच्या समोरून गेली, थांबली नाही.

मला वाटलं, जयंतीला हायसं वाटलं असेल. दुपारी डबा उघडून ती बसली होती, खात नव्हती. मी म्हटलं, सुटलीस. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शिवी दिली.

"सुटले? उत्तरा, तिने मला ओळखलं होतं. नाव घेतलं होतं माझं फोनवर. आणि आत बसून राँग नंबर म्हणते. उपकार करते माझ्यावर."

मला तोपर्यंत वाटत होतं, फोनच्या गर्दीत निरोप राहून गेला असेल. त्या दुपारी पहिल्यांदा तिने सगळं सांगितलं. आणि सांगताना तिला पश्चात्तापाचं रडू येत नव्हतं, ती संतापलेली होती. तिचं म्हणणं असं होतं की नवरा कमलकडे, मुली कमलकडे, आणि आता मोठं मनसुद्धा तिच्याचकडे. आता जन्मभर कमल मला बघेल आणि मनात म्हणेल, बिचारी, मी तिला वाचवलं. आणि मी काय करायचं, रोज तिचा फोन घ्यायचा?

"हे पण तिलाच?" ती म्हणाली. "हे मी तिला मिळू देणार नाही."

डब्याचं झाकण लावून ती उठली आणि सरळ चौकशीच्या खोलीत गेली. मी मागून धावले, कारण टाइप मलाच करायचं होतं. साहेब चहा पीत होते. तिने उभ्याउभ्या सांगितलं की अकराला फोन आला होता, मी ओळखला होता, निरोप मला कळला होता, आणि राऊळ यांनी विचारलं तेव्हा मी मुद्दाम नाही म्हटलं. मुद्दाम हा शब्द साहेबांनी दोनदा विचारला. विसरलात असं म्हणायचंय का तुम्हाला? नाही, मुद्दाम, असं तिने दोन्ही वेळा सांगितलं. कारण विचारलं तेव्हा मात्र ती म्हणाली, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी मला खूण केली. मी ओळ कोरी सोडली.

ती प्रामाणिकपणासाठी गेली नव्हती. मत्सरापोटीच गेली. हे मी तिच्याकडून ऐकलं नसतं तर मला कधी कळलं नसतं, आणि ऑफिसातले लोक पुढे जे तिचं कौतुक करायला लागले ते मीही केलं असतं.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. दशरथला लेखी ताकीद, बाकी काही नाही. जयंतीच्या पगाराच्या दोन वाढी बंद, आणि टेलिफोनवरून काढून तिला मीटर रीडिंगची कार्डं क्रमाने लावायच्या कामावर पाठवलं. विधवा बाई, नवरा कंपनीच्या कामावर गेलेला, म्हणून नोकरी राहिली. दिराने घरी चार शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी कमल मालाडला आली. मुलींना शेजारी ठेवून एकटीच आलेली. जयंतीच्या जावेने चहा टाकला आणि दारातच ऐकत उभी राहिली, म्हणून जयंती कमलला घेऊन मागच्या सार्वजनिक नळाजवळ गेली. दुपारी तिथे कोणी नसायचं.

जयंती म्हणाली, शिव्या घालायच्या तर घाल, मी ऐकते. कमल म्हणाली, शिव्या घालायला आले नाही.

"राजारामभावजी गेले त्या दिवशी आपण दोघी वाण्याच्या दुकानात उभ्या होतो," ती म्हणाली. "फोन आला होता की चार नंबरच्या गाडीवरचा एक माणूस गेला. नाव कळत नव्हतं. आठवतं?"

जयंतीला आठवत नसेल कसं. चाळीतली सगळी माणसं जमली होती, वाणी परत परत नंबर फिरवत होता, लाइन लागत नव्हती. वीस मिनिटं लागली असतील. कमलने तिचा हात घट्ट धरला होता.

"तुझा हात धरला होता मी," कमल म्हणाली, "आणि देवाला सांगत होते, राजाराम असू दे. नाव घेऊन सांगत होते. आणि वाण्याने नाव सांगितलं तेव्हा मला आधी आनंद झाला. मग रडले मी तुझ्या गळ्यात पडून, पण आधी आनंद झाला. म्हणून त्या दिवशी साहेबांसमोर माझ्याने तुझं नाव घेववेना. उपकार नव्हते ते."

जयंतीला राग आला नाही. तिने मला सांगितलं की तिला पहिल्यांदा हलकं वाटलं, कारण कमल मोठ्या मनाची नव्हती. तिच्याचसारखी होती.

"मी पण तेच म्हणत होते," जयंती म्हणाली. "दशरथ असू दे, म्हणून. नाव घेऊनच."

कमलने तिच्याकडे बघितलं. दोघींनी एकमेकींच्या गळ्यात वगैरे हात घातले नाहीत. जावेने चहा गार होतो म्हणून हाक मारली, तेव्हा आत गेल्या. चहा पिऊन कमल निघाली. जाताना एवढंच म्हणाली की त्यांना, म्हणजे दशरथला, काच लागलेला तो पाय अजून दुखतो. थंडीत जास्त. डॉक्टर म्हणतात काही नाही, पण दुखतो.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. त्या दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. गणपतीला एकमेकींकडे जायच्या, गावाहून कोकमं आली की वाटून घ्यायच्या, आणि तरी जयंतीची जळजळ पूर्ण गेली नाही. कमी झाली. कधी महिना महिना नसायची आणि कधी एखाद्या लहानशा गोष्टीने परत यायची. एकदा कमलच्या मोठीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा आली. एकदा दशरथने कमलला शिलाईचं मशीन आणलं तेव्हा आली. जयंती मला आपणहून सांगायची, आज परत झालं बघ, आणि कार्डं लावायला लागायची. तिने लावलेली कार्डं चुकत नसत. रीडर लोक म्हणायचे, घाडीबाईंच्या हातून गेलेला गठ्ठा बघायची गरज नाही.

दशरथ पुढे अठ्ठ्याऐंशी साली सुपरवायझर झाला. दोन वर्षं उशिरा झाला, तो उशीर जयंतीमुळेच. ऑर्डर आली त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्या टेबलांवर फिरला. जयंतीच्या टेबलाशी आला, तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून काम करतोय असं दाखवत होतो. त्याने पुडा पुढे केला. तिने पेढा घेतला, अभिनंदन भावजी म्हणाली, आणि त्याच्यासमोर खाल्ला. तो पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. मी डबा उघडताना विचारलं, बरं नव्हतं का?

"बरं होतं," ती म्हणाली. "जमलं नाही यायला. काल दिवसभर वाटत होतं, ही खुर्ची राजारामची होती. दोघांपैकी राजारामचंच काम चांगलं होतं, उत्तरा. सगळे म्हणायचे."

तिने भाकरीचा तुकडा मोडला.

"संध्याकाळी दहिसरला गेले मग. कमलला भेटायला."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, चांगलं झालं. ती म्हणाली, हो गं. अर्धा तास बसले, धाकटीची वेणी घालून दिली, निघाले."

"आणि?"

"आणि काय? बस भरलेली होती. मालाडपर्यंत उभी राहून आले."